राहून गेलेले बोलपट

श्रोतेहो, आज एक साधा प्रश्न विचारून सुरुवात करतो. प्रभात कंपनीचा 'संत तुकाराम' तुम्ही पाहिला आहे का?

तुमच्यापैकी बरेच जण 'हो, म्हणजे काय!' म्हणतील. आमच्या महाविद्यालयाच्या प्राध्यापक-कक्षात मी हाच प्रश्न विचारला, तेव्हा सगळ्यांच्या माना हलल्या. मग मी दुसरा प्रश्न विचारला. तुकोबांची बायको चिडून विठोबाच्या देवळात शिरते, तेव्हा तिच्या हातात काय असते? कक्षात शांतता पसरली. एकाने टाळ म्हटले, एकाने पूजेचे ताट. शेवटी एक ज्येष्ठ सहकारी हसून म्हणाले, "अहो, खरं सांगायचं तर मी पाहिलेला नाही. पण न पाहून कसं चालेल, म्हणून हो म्हटलं."

मी त्यांना हसलो नाही, कारण हे खोटे मी स्वतः वीस वर्षे बोलत होतो. त्या बोलपटाबद्दल नव्हे, दुसऱ्या एका बोलपटाबद्दल. ती हकीकत पुढे सांगतो.

पुस्तक वाचले नसेल तर माणूस कबूल करतो. 'अजून वाचायचे आहे' म्हणण्यात एक प्रकारचा मोठेपणाही असतो. गाजलेला चित्रपट पाहिला नाही हे मात्र सांगवत नाही. ह्याचे एक कारण असे, की चित्रपट न पाहताही तो आपल्या कानावर पडलेला असतो. ह्याच आकाशवाणीवर 'आपली आवड' मध्ये त्याची गाणी लागतात. कॅलेंडरवर त्यातल्या नटाचे चित्र असते. घरातली म्हातारी माणसे त्यातला प्रसंग रंगवून सांगतात. असे पाच-पंचवीस वेळा ऐकले की आपण तो पाहिलाच आहे असे मनाला वाटू लागते. गावाकडे ह्याला आपण 'ऐकीव' म्हणतो. ऐकीव ज्ञानावर शेती होत नाही हे शेतकऱ्याला ठाऊक असते. चित्रपटाच्या बाबतीत मात्र आपण ऐकिवावर भागवतो.

दुसरे कारण जास्त खरे आहे. हे बोलपट पाहायला मिळत होते कुठे? पुस्तक एकदा छापले की कुठल्या तरी वाचनालयाच्या कपाटात पडून राहते. चित्रपटाचे तसे नव्हते. तो शहराच्या चित्रपटगृहात काही आठवडे चालायचा, मग तालुक्याला यायचा, मग जत्रेतल्या तंबूत, आणि मग नाहीसा व्हायचा. 'संत तुकाराम' १९३६ साली मुंबईच्या सेंट्रल सिनेमात ५७ आठवडे चालला. पण ज्याचा जन्म १९५० चा, त्याने तो कुठे पाहायचा? २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि शनिवारी संध्याकाळी मराठी चित्रपट दिसू लागला, तेव्हा कुठे मुंबई-ठाण्याकडच्या एका पिढीला जुने बोलपट प्रथम भेटले. ज्या घरात संच होता त्या घरात सगळी चाळ. पुढे रविवारी दुपारी देशातल्या इतर भाषांतले नामांकित चित्रपट लागत. आमच्यासारखी पोरे तेव्हा बाहेर क्रिकेट खेळत होती. ती संधी हातची गेली, ह्याला दूरदर्शनचा काही इलाज नव्हता.

मी भिवंडीचा. भिवंडी म्हणजे यंत्रमागांचे गाव, हे तुम्हाला ठाऊकच आहे. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, साताऱ्याकडच्या खटाव तालुक्यातून इथे आले आणि जन्मभर एका कारखान्यात जॉबर म्हणून राहिले. मागाचा खडखडाट बारा-बारा तास कानात घेऊन घरी येणारा माणूस मोठ्याने बोलतो. आबाही मोठ्याने बोलत. आमच्या खोलीला लागून चाचांची खोली. ते आझमगडकडचे, विणकराच्या घराण्यातले. दोघांची पाळी एक, विडीचे बंडल एक.

१९८४ च्या मे महिन्यात भिवंडीत दंगल झाली तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. १९७० मध्येही एक झाली होती. त्या दिवसांचे मला फारसे आठवत नाही. एवढे आठवते, की नंतर चाचांच्या खोलीला कुलूप होते. ते पलीकडच्या मोहल्ल्यात राहायला गेले आणि आम्हीही जागा बदलली. पुढे १९९२-९३ साली मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. सुरेश खोपडे ह्या पोलीस अधिकाऱ्याने इथे मोहल्ला समित्या बांधल्या होत्या, त्यांचा त्यात मोठा वाटा होता. पण मोडलेली चाळ काही पुन्हा भरली नाही. आबा आणि चाचा नाक्यावरच्या हॉटेलात भेटत, अर्धा-अर्धा चहा घेत.

ह्या आबांचा एक आवडता बोलपट होता, 'शेजारी'. लहानपणी पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या जत्रेत तंबूत पाहिलेला. कोणाचे भांडण निघाले की ते म्हणायचे, "शेजारी बघितलास का? बघ म्हणजे कळंल." दहावीत असताना मी 'नाही' म्हणालो होतो. पुढे एम.ए.ला गेलो, चार पुस्तके वाचली, आणि एक दिवस सहज म्हणून टाकले, "पाहिला की आबा, मागेच." त्यांना किती आनंद झाला म्हणून सांगू! "शेवट काय केलाय, नाही?" असे म्हणून ते अर्धा तास बोलत होते आणि मी मान हलवत होतो. पुढे जेव्हा जेव्हा विषय निघाला तेव्हा तेव्हा मी मान हलवली. २००९ च्या पावसाळ्यात आबा गेले.

आता हा 'शेजारी' काय होता ते सांगतो. १९४१ साली पुण्याच्या प्रभात कंपनीत व्ही. शांताराम ह्यांनी तो काढला. कथा विश्राम बेडेकरांची. एका गावात दोन म्हातारे जिवलग शेजारी, एक हिंदू पाटील आणि दुसरे मिर्झा. गावाजवळ धरण बांधायला एक बडा असामी येतो. त्याला जमीन हवी असते आणि गावाची एकी आड येत असते. म्हणून तो ह्या दोघांत वितुष्ट पाडतो. १९४० साली देशात फाळणीची भाषा सुरू झाली होती, त्याच्या पाठोपाठ हा बोलपट आला हे ध्यानात घ्या. आणि भांडणाचे मूळ ह्यात धर्म नाही, जमीन आहे, हेही ध्यानात घ्या. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

त्या काळी एका भाषेतल्या चित्रपटाला दुसऱ्या भाषेतले आवाज चिकटवण्याची आजची सोय नव्हती. तोच चित्रपट दोन भाषांत दोनदा काढत. मराठीत 'शेजारी', हिंदीत 'पडोसी'. मराठीत पाटील झाले केशवराव दाते. हिंदीत त्या हिंदू शेजाऱ्याचे काम मजहर खान ह्या मुसलमान नटाने केले. मिर्झाचे काम दोन्हीकडे गजानन जागीरदारांनी केले. म्हणजे हिंदीत मुसलमान झाला हिंदू आणि हिंदू झाला मुसलमान. हे मुद्दाम केलेले होते आणि लोकांनी ते ओळखले होते.

टाळेबंदीच्या काळात, २०२० साली, घरात बसून कंटाळलो असताना मी संगणकावर हा बोलपट शोधून काढला आणि रात्री एकट्याने पाहिला. शेवट आला. धरण फुटते आणि त्या लोंढ्यात दोघे म्हातारे हातात हात धरून मरतात.

मी चक्रावलो. कारण आबांनी सांगितलेला शेवट असा नव्हता. आबांच्या 'शेजारी'मध्ये पाणी ओसरते आणि दोघे एकमेकांना धरून घराकडे चालत येतात! हे त्यांनी मला एकदा नव्हे, दहा वेळा सांगितले होते, आणि दहाही वेळा मी 'हो, काय सीन आहे' म्हणालो होतो.

हे कसे झाले असेल? इथे थोडे यंत्राविषयी सांगतो, कारण जुने चित्रपट हरवतात कसे हेही त्यातून कळते.

चित्रपट म्हणजे एक लांबलचक पट्टी. थिएटरातल्या पस्तीस मिलिमीटर रुंद पट्टीवर एका फुटात १६ चित्रे असतात आणि बोलपट सेकंदाला २४ चित्रांच्या वेगाने पळतो. म्हणजे मिनिटाला ९० फूट. एक हजार फुटांचे रीळ अकरा मिनिटांत संपते. दोन तासांच्या बोलपटाला अशी अकरा-बारा रिळे लागतात. शहरात चालून चालून झिजलेली प्रत तालुक्याला जाई आणि तिथे आणखी झिजली की तंबूत येई. वाटेत पट्टी तुटे. तुटली की ऑपरेटर दोन्ही टोके कापून जोडी, आणि प्रत्येक जोडात काही चित्रे कायमची जात. कधी रीळच येत नसे. कधी मालकाला दुसरा खेळ लवकर लावायचा असे, मग तो एखादे रीळ गाळी. शेवटचे रीळ नसले तर प्रेक्षक आरडाओरडा करीत, कंदील पेटत, आणि ज्याने त्याने आपापला शेवट करून घरी जायचे. आबांच्या तंबूत असेच काही घडले असेल. किंवा त्यांनी सगळे पाहिले असेल आणि लक्षात दुसरेच ठेवले असेल. मी वेळेवर चित्रपट पाहिला असता तर त्यांना विचारता आले असते.

मग मी चाचांकडे गेलो. आता ते ऐंशीच्या पुढे आहेत, ऐकू कमी येते. मागावर काम केलेल्या बहुतेकांचे होते तसे. त्यांनी 'पडोसी' तरुणपणी पाहिला होता. म्हटले, "चाचा, शेवटी ते दोघे मरतात ना?" म्हणाले, "मरतात." म्हटले, "मग आबा असं का सांगायचे?" चाचा हसले. म्हणाले, "मुझे भी वही सुनाता था. मैं ने कभी टोका नहीं."

तर श्रोतेहो, तंबूची ही गोष्ट झाली. शहरातल्या तिजोऱ्यांचीही दशा फार बरी नव्हती. पूर्वीची पट्टी नायट्रेटची असे. ती चित्र फार सुरेख धरते, पण भयंकर ज्वालाग्राही असते. एकदा पेटली की पाण्यानेही विझत नाही, कारण जळायला लागणारा प्राणवायू ती स्वतःच पुरवते. दमट हवेत पडून राहिली तर चिकट होते आणि शेवटी तिचा भुगा होतो. शिवाय तिच्यात चांदीचा अंश असतो, म्हणून जुन्या पट्ट्या चांदी काढायला विकल्या गेल्या. आपल्या देशात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले असे सांगतात. त्यांतले आज अखंड-तुटके मिळून थोडेच हाताशी आहेत. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमात लागला, पण तो आज पूर्ण पाहणे कोणालाच शक्य नाही; थोडी रिळेच उरली आहेत. १९३१ चा 'आलम आरा', देशातला पहिला बोलपट, तर कुठेच सापडत नाही. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांचा १९२५ चा 'सावकारी पाश', ज्यात तरुण शेतकऱ्याचे काम स्वतः शांतारामांनी केले होते, तो मूकपटही गेला. शेतकऱ्याच्या कर्जावरचा हा चित्रपट आज आपल्याला पाहायला मिळाला असता तर, असे मला नेहमी वाटते. म्हणजे काही राहून गेलेले चित्रपट आपल्या आळसामुळे राहिले, तर काही पाहण्याची सोयच कोणी ठेवली नाही.

जे वाचले ते पुष्कळसे एका माणसाच्या चिकाटीमुळे वाचले. १९६४ च्या फेब्रुवारीत पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. तिथे पी. के. नायर ह्या गृहस्थांनी १९९१ पर्यंत काम केले. कोणाच्या माळ्यावर, कोणाच्या गोठ्यात पडलेले डबे त्यांनी गोळा केले. फाळक्यांचा 'कालिया मर्दन' (१९१९), ज्यात त्यांची लहान मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली आहे, तो आज बराचसा पाहता येतो. नायरांवर 'सेल्युलॉइड मॅन' नावाचा एक सुंदर माहितीपट २०१२ मध्ये निघाला. २००३ च्या जानेवारीत पुण्यात नायट्रेटच्या साठ्याला आग लागून प्रभातच्या मूळ पट्ट्यांसकट बरेच काही भस्म झाले. पण अनेकांच्या प्रती आधीच सुरक्षित पट्टीवर उतरवलेल्या होत्या म्हणून आपण आज ते बोलपट पाहू शकतो. २०२२ पासून हे संग्रहालय राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले आहे. हरवलेले कधी कधी सापडतेही. जर्मनीतला 'मेट्रोपोलिस' हा १९२७ चा मूकपट ऐंशी वर्षे तुकड्यांत पाहिला जात होता. २००८ मध्ये त्याचा बराचसा गहाळ भाग दक्षिण अमेरिकेत, ब्युनोस आयर्स शहरात मिळाला. तेव्हा गावाकडे कोणाच्या माळ्यावर पत्र्याचे गोल डबे असतील तर भंगारवाल्याला देण्यापूर्वी पुण्याला एक पत्र टाका. मात्र ते उघडून दिव्याजवळ नेऊ नका.

आता मुख्य प्रश्न. इतके सगळे राहून गेले आहे, तर भरून काढायचे कसे?

पहिली गोष्ट म्हणजे यादी करून परीक्षेसारखे पाहत सुटू नका. तो दम थोड्यांनाच असतो. सत्यजित राय १९५० साली नोकरीच्या कामाने लंडनला गेले आणि चार-पाच महिन्यांत शंभराच्या आसपास चित्रपट पाहून आले. त्यांतच इटलीचा 'बायसिकल थीव्हज' होता, आणि तो पाहून आपणही असे काही काढायचे हे त्यांनी पक्के केले. पण ते सत्यजित राय! तुम्ही-आम्ही महिन्याला एक पाहिला तरी वर्षाला बारा होतात आणि पाच वर्षांत साठ.

दुसरे, इतिहासाच्या क्रमाने जाऊ नका. 'पहिला आधी' म्हणून माणूस मूकपटापासून सुरुवात करतो, वीस मिनिटांत पेंगतो आणि मग जन्मात जुन्या चित्रपटाकडे वळत नाही. माझे मत विचाराल तर सुरुवात 'संत तुकाराम'पासून करावी. तो आज यूट्यूबवर फुकट पाहता येतो. गोष्ट आपल्याला ठाऊक आहे, त्यामुळे ध्वनी खरखरीत असला तरी अडत नाही. दिग्दर्शक दोघे, विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल. हे फत्तेलाल, ज्यांना सगळे साहेबमामा म्हणत, मुळात चित्रकार. देहूचे ते अंगण, ती भिंत, त्या गोठ्याची ओल त्यांच्या नजरेतून आलेली आहे. तुकाराम झाले विष्णुपंत पागनीस. आजच्यासारखा पडद्यामागे दुसरा गायक नाही. पागनीस स्वतः गातात, म्हणून चेहरा आणि गळा एकच आहे. हा फरक डोळ्यांना लगेच जाणवतो.

पण मला विचाराल तर हा बोलपट तुकारामांइतकाच त्यांच्या बायकोचा, आवलीचा आहे. गौरी ह्या नटीने ते काम केले आहे. देवाच्या नादी लागलेल्या नवऱ्याची मुले उपाशी राहतात, ती आजारी पडतात, आणि ही बाई शेण-पाणी करीत, बडबडत, संसार ओढते. शिवाजी महाराजांकडून आलेला नजराणा नवरा परत पाठवतो तेव्हा तिच्या जिवाचा जो संताप होतो तो पाहून हसू येते आणि वाईटही वाटते. शेवटी तुकोबा वैकुंठाला निघतात. ती मागे राहते, पोरांसाठी. १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात ह्या बोलपटाचा गौरव झाला. तिथल्या परीक्षकांना मराठी येत नव्हते. त्यांना आवली मात्र समजली असणार.

एक गंमत सांगतो. ह्या बोलपटातले एक पद शांताराम आठवले ह्यांनी अभंगाच्या घाटात नवे लिहिले. ते इतके जमले की लोक तुकोबांचाच अभंग म्हणून गाऊ लागले आणि जाणकारांनी तो गाथ्यात शोधला. मिळाला नाही, कारण तो तिथे नव्हताच.

मी हा बोलपट माझ्या वर्गाला दाखवला. भिवंडीचा वर्ग म्हणजे कोणाच्या घरी मराठी, कोणाच्या उर्दू, कोणाच्या तेलुगू, कोणाच्या भोजपुरी. पोरे पहिली दहा मिनिटे कुजबुजत होती. मग आवली पोराच्या आजाराने कावून देवळात शिरली, हातात चप्पल घेऊन! (प्राध्यापक-कक्षातल्या प्रश्नाचे उत्तर हे.) वर्ग खो-खो हसला आणि एकदम गप्प झाला. तास संपल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, माझी अम्मीपण अल्लाशी असंच भांडते."

नंतर 'शेजारी' दाखवला. त्यावर वर्ग फार बोलला नाही. मीही बोलायला लावले नाही. घरी जाऊन एकाने आजोबांना विचारले आणि दुसऱ्या दिवशी येऊन सांगितले, की त्यांनीही 'पडोसी' पाहिला होता, मालेगावला. एवढेच.

शिक्षक बंधुभगिनींसाठी काही व्यवहाराच्या गोष्टी. शाळेत चित्रपट दाखवायला परवानगी लागते का, असे मला बरेच जण विचारतात. आपल्या कायद्यात चित्रपटावरचा हक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे राहतो. त्यामुळे प्रभातचे बोलपट त्यातून केव्हाच मोकळे झाले आहेत. त्यातली गाणी-कथा वेगळी असू शकतात, पण शाळेच्या कामाचा भाग म्हणून, प्रेक्षकांत फक्त विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि शाळेशी संबंधित मंडळी असतील, तर चित्रपट दाखवायला कायद्याने मोकळीक दिलेली आहे. तिकीट लावू नका आणि गावजेवणासारखे आमंत्रण फिरवू नका, म्हणजे झाले.

गावात इंटरनेट अडखळत असेल तर आदल्या रात्रीच चित्रपट उतरवून घ्या. पडदा नसला तर चुना लावलेली भिंत चालते. पण आवाजाची सोय चांगली करा. जुन्या बोलपटात चित्र पुसट असले तरी चालते, शब्द कळला नाही तर सगळे फुकट. मोबाईलवर एकेकट्याने पाहायला सांगू नका; त्या काळचा चित्रपट शंभर माणसांनी एकदम हसावे म्हणून बांधलेला आहे. चाळीस मिनिटांच्या तासाला साडेतीन रिळे बसतात, म्हणजे चार दिवसांत एक बोलपट होतो. मध्ये थांबवून समजावू नका. आणि कृपा करून शेवटी 'यातून काय बोध घेतला' ह्यावर दहा ओळी लिहायला सांगू नका. त्यापेक्षा 'घरी कोणी पाहिला आहे का, विचारून या' असे सांगा. ह्या एका प्रश्नाने जेवढे बाहेर येते तेवढे निबंधाने येत नाही.

सुरुवातीला मुले म्हणतात, फार हळू आहे. खरेच आहे. पण हळू असणे म्हणजे दोष नव्हे. तेव्हाचा कॅमेरा जड होता, तो सारखा हलवता येत नसे. म्हणून माणूस चौकटीत येतो, बसतो, बोलतो, उठून जातो, आणि आपल्याला त्याच्याकडे नीट पाहायला वेळ मिळतो. दुसऱ्या चित्रपटापर्यंत मुलांचा डोळा सरावतो. माझा अनुभव आहे.

'तुकाराम' झाल्यावर कुठे जायचे, हे ज्याने त्याने ठरवावे. आचार्य अत्र्यांचा 'श्यामची आई' (१९५३) शिक्षकांनी चुकवू नये. देशातल्या सर्वोत्तम चित्रपटाचे पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक त्याला मिळाले, आणि पुन्हा मराठी चित्रपटाला तो मान मिळायला पन्नास वर्षे लागली, 'श्वास'पर्यंत. तमाशाची आवड असेल त्यांनी अनंत मान्यांचा 'सांगत्ये ऐका' (१९५९) घ्यावा. शहापूर-मुरबाडकडच्या शिक्षकांनी 'जैत रे जैत' (१९७७) जरूर दाखवावा. त्यात ठाकरवाडी आहे आणि तुमच्या वर्गात ठाकरांची मुले आहेत. त्यांना विचारा, त्यात खरे किती आणि नटवलेले किती. राजकारण ज्यांना रोज चघळायला लागते त्यांच्यासाठी जब्बार पटेलांचा 'सिंहासन' (१९७९) आहे. अलीकडचेही राहून जातात बरे का! नागराज मंजुळ्यांचा 'फँड्री' (२०१३) आणि चैतन्य ताम्हाणे ह्यांचा 'कोर्ट' (२०१४) ही नावे ज्यांना पाठ आहेत त्यांतल्या किती जणांनी ते पाहिले आहेत, हे मी विचारत नाही. आणि तंबूतला सिनेमा ज्यांनी स्वतः अनुभवला आहे त्यांनी 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा २०१६ चा माहितीपट शोधावा. महाराष्ट्रातल्या फिरत्या तंबूवाल्यांवरच तो आहे, आणि कान महोत्सवात त्याचा विशेष उल्लेख झाला होता. इंग्रजी नावाने दबकू नका, आतली माणसे आपलीच आहेत.

घरात वडीलधारी असतील तर मात्र एक करा. चित्रपट त्यांच्या शेजारी बसून पाहा, आणि पाहिला नसेल तर 'नाही पाहिला' असे सांगा. ते मग सगळी गोष्ट सांगतील, चुकीची का होईना.

माझी स्वतःची यादी अजून लांब आहे. शांतारामांचाच 'माणूस' (१९३९) मी पाहिलेला नाही. 'पाथेर पांचाली' मी दोनदा सुरू केला आणि दोन्ही वेळा दारावरची घंटा वाजली. 'पडोसी'ही हिंदीतून पाहायचा राहिला आहे. चाचांनी येत्या दिवाळीच्या सुटीत घरी बोलावले आहे. त्यांच्या नातवाने मोठा पडदा आणला आहे. आवाज मात्र पुरता मोठा ठेवावा लागेल.